भागीचे घोडे की कागदी घोडे?

(धागा : गवत, गुरे आणि एका लोकप्रिय गैरसमजाचा इतिहास)

१/
‘भागीचे घोडे किवणाने मेले’ ही म्हण घराघरांत ठाऊक आहे. भागीदारीतल्या जनावराची निगा कोणीच राखत नाही, असा तिचा अर्थ. घोड्यापुरती ती खरी असेलही. पण गेल्या अर्धशतकात हाच न्याय कुरणाला, गायरानाला, जंगलाला आणि पाण्याला लावला गेला. त्याला शास्त्राचा अंगरखा चढवला गेला आणि ‘जे सर्वांचे, ते उजाड होणारच’ हा जणू निसर्गनियम ठरला. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

२/
या ‘नियमा’चे आधुनिक जनक गॅरेट हार्डिन. १९६८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा सामाईक मालमत्तेच्या शोकांतिकेवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्यातला दृष्टांत सोपा आहे. एक कुरण सर्वांना मोकळे आहे. प्रत्येक गुराखी विचार करतो : आणखी एक गाय सोडली तर दूध सगळे आपले, गवताची झीज मात्र सर्वांत वाटली जाणार. म्हणून प्रत्येक जण एकेक गाय वाढवत जातो आणि शेवटी कुरणच संपते. उपाय दोनच : खासगी मालकी किंवा सरकारी दंडुका.

३/
दृष्टांत इतका सुबक आहे की त्यातली उणीव पटकन लक्षात येत नाही. हे कुरण कोणत्या देशातले? कोणत्या शतकातले? त्या गुराख्यांची गावपंचायत नव्हती काय? हार्डिन यांनी हा दाखला १८३३ मधील विल्यम फॉर्स्टर लॉइड या ऑक्सफर्डच्या अर्थशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांतून उचलला होता आणि त्यांचा मूळ विषय होता लोकसंख्यावाढ. खरे कुरण, खरी गुरे आणि खरे गुराखी त्या दृष्टांतात कोठेच नाहीत. तरीही जगभरच्या वर्गखोल्यांत तो कुरणांचा इतिहास म्हणून शिकवला गेला.

४/
आधी मूळ प्रश्न पाहणे आवश्यक आहे : एखाद्या कुरणावर किती गुरे चारावीत? एका मोठ्या गाईला दिवसाला सुमारे १२ किलो सुका चारा लागतो, म्हणजे वर्षाला साधारण ४,४०० किलो. समजा, १०० हेक्टर माळावर हेक्टरी १,००० किलो गवत येते. एकूण एक लाख किलो. पण सगळे गवत खाऊ घालता येत नाही. निम्मे तरी मुळांसाठी आणि मातीच्या आच्छादनासाठी राखावे लागते. उरलेल्यातले बरेचसे तुडवले जाते, वाळते, किडे खातात. जनावराच्या पोटात जेमतेम चौथा हिस्सा जातो : २५,००० किलो. म्हणजे पाच-सहा गाई. शंभर हेक्टरांवर!

५/
आता पाऊस दगा देतो आणि गवत हेक्टरी ४०० किलोंवर येते. त्याच माळावर आता दोनच गाई निभावतात. मग या कुरणाची क्षमता किती, सहा की दोन? सरासरी काढून चार म्हटले तर दुष्काळात दोन गाई उपाशी राहणार आणि त्या गवत मुळासकट ओरबाडणार. तेव्हा गुरांचा आकडा गवतावरून आपोआप ठरत नाही. वाईट वर्षाचा भार कोणी सोसायचा, हे आधी ठरवावे लागते. चराईचा सगळा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरतो.

६/
हा प्रश्न ज्यांनी सोडवला, त्यांच्यापासून सुरुवात करणे योग्य. स्वित्झर्लंडच्या वॅले प्रांतात टोर्बेल नावाचे डोंगरी गाव आहे. शेते खासगी, पण उंचावरची उन्हाळी कुरणे गावाच्या सामाईक मालकीची. १५१७ च्या तिथल्या नियमानुसार, ज्याला हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच त्याने उन्हाळ्यात सामाईक कुरणावर पाठवाव्यात. त्याहून एकही अधिक नाही.

७/
या एका ओळीत केवढे शहाणपण आहे! कोणाच्या अंदाजाची गरज नाही, सर्वेक्षणाची नाही. गंजीतला चाराच आकडा ठरवतो, आणि वाईट ऋतूच्या मापाने ठरवतो. नियम मोडणाऱ्याला दंड होई आणि दंड वसूल करणाऱ्या गावकामगाराला त्यातला निम्मा वाटा मिळे. १४८३ च्या दस्तऐवजानुसार बाहेरच्या माणसाने गावात जमीन घेतली तरी त्याला कुरणाचा हक्क मिळत नसे. मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंग यांनी या गावाचा बारकाईने अभ्यास केला. कुरण सामाईक होते, शतकानुशतके वापरात होते आणि उजाड झाले नव्हते.

८/
आता अटलांटिकपलीकडे, अमेरिकेच्या विस्तीर्ण गवताळ पठारांवर. १८७० च्या दशकात आणि १८८० च्या आरंभी तिथल्या बायसनांची अशी कत्तल झाली की कोट्यवधींचे कळप अखेर काही शेकड्यांवर आले. बायसनांवर जगणारे लकोटा, शायेन आदी समाज राखीव क्षेत्रांत कोंडले गेले. जमीन ‘रिकामी’ झाली. कायद्याने ती संघराज्य सरकारची होती, पण तिच्यावर किती गुरे चारावीत याचा एकही नियम नव्हता. शुल्क नाही, परवाना नाही, मर्यादा नाही.

९/
या फुकटच्या गवताची वार्ता भांडवलाच्या बाजारात पोहोचली. १८८१ मध्ये जेम्स ब्रिस्बिन यांचे ‘द बीफ बोनान्झा’ हे पुस्तक आले. पठारांवर श्रीमंत कसे व्हावे, हेच त्याचे उपशीर्षक. १८८० मध्ये एडिनबरात ‘प्रेअरी कॅटल कंपनी’ स्थापन झाली आणि लवकरच वीस टक्क्यांच्या वर लाभांश वाटू लागली. १८८२ मध्ये डंडीत ‘मॅटाडोर’ कंपनी उभी राहिली. डंडी हे तागाच्या गिरण्यांचे शहर होते. बंगालच्या शेतकऱ्याने पिकवलेल्या तागावर तिथे जो पैसा जमला, त्यातला काही टेक्सासच्या गुरांत गुंतला.

१०/
हे नवे मालक हजारो मैल दूर होते. विस्तीर्ण माळावर पांगलेली गुरे मोजणे खर्चाचे आणि कटकटीचे. त्यावर तोड निघाली : वहीतली मोजणी. आरंभीच्या आकड्यात दर वर्षी इतकी वासरे जन्मली असे गृहीत धरून भर घालायची, इतकी मेली असे गृहीत धरून थोडी वजाबाकी करायची आणि येईल तो आकडा म्हणजे कळप. वासरे वहीत जन्मत होती, गुरे वहीतच वाढत होती आणि त्यांच्यावर खरेखुरे लाभांश वाटले जात होते. मराठीत याला नेमका शब्द आहे : कागदी घोडे.

११/
१८८३ मध्ये एडिनबरात स्थापन झालेल्या ‘स्वान लँड अँड कॅटल कंपनी’ने वायोमिंगमधले कळप असेच वहीवरून विकत घेतले. प्रत्यक्ष मोजणीची वेळ आली तेव्हा गुरे कमी भरली आणि विक्रेत्यांविरुद्धचा तिचा खटला १८९३ मध्ये थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शायेन शहरातल्या एका गुत्तेवाल्याची आख्यायिका त्या काळची म्हणून सांगितली जाते. बाहेर हिमवादळ घोंगावत असताना चिंतातुर पशुमालकांना त्याने धीर दिला : मंडळी, काळजी कशाला, वह्या काही गोठत नाहीत!

१२/
गवत मात्र वहीत उगवत नव्हते. कळपांवर कळप येत राहिले. १८८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी शायेन-अरापाहो राखीव क्षेत्रात घुसवलेली गुरे चाळीस दिवसांत बाहेर काढण्याचा हुकूम दिला. सुमारे दोन लाख गुरे आधीच भरलेल्या कुरणांवर लोटली गेली. १८८५-८६ च्या हिवाळ्यात दक्षिण पठारांवर वादळे झाली. वाऱ्याला पाठ देऊन दक्षिणेकडे सरकणारी गुरे काटेरी तारांच्या कुंपणांशी अडकून तिथेच ढीग होऊन मेली. मग १८८६ चा उन्हाळा कोरडा गेला. गवत आखूड राहिले, गुरे हाडकुळी झाली.

१३/
त्या वर्षी नोव्हेंबरातच हिमवर्षाव सुरू झाला. जानेवारी १८८७ मध्ये थोडी ऊब आली, वरचे बर्फ वितळले आणि पुन्हा गोठले. गवतावर काचेसारखा कडक थर चढला, खुराने न फुटणारा. महिनाअखेरीस भीषण हिमवादळ आले आणि तापमान उणे ४० अंशांच्या आसपास उतरले. गंजी कोठेच नव्हत्या, गोठे नव्हते. गुरांनी झाडांच्या साली कुरतडल्या. वसंतात बर्फ वितळले तेव्हा नद्यांतून गुरांची कलेवरे वाहत गेली.

१४/
कोणाचा निम्मा कळप गेला, कोणाचा जवळजवळ सगळा. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांचा डाकोटातला निम्म्याहून अधिक कळप मेला. माँटानात मालकाने कळपाची हालचाल विचारली तेव्हा चार्ल्स रसेल या तरुण गुराख्याने उत्तरादाखल एका कार्डावर चित्र काढून पाठवले : बर्फात उभी एक हाडांची सापळा गाय आणि वाट पाहणारे लांडगे. ग्रॅनव्हिल स्टुअर्ट या मातब्बर पशुमालकाने या हाहाकारानंतर जे बोलून दाखवले त्याचा आशय असा : ज्या जनावराला चारा आणि निवारा देता येत नाही, त्याचा धनी पुन्हा व्हायचे नाही.

१५/
स्टुअर्टला १८८७ मध्ये जे उमगले, ते टोर्बेलच्या गावकऱ्यांनी १५१७ मध्येच लिहून ठेवले होते. मधली ३७० वर्षे आणि लक्षावधी गुरे ही त्या विसराळूपणाची किंमत. येथे हार्डिनपंथी आक्षेप घेतील : पठारे सर्वांना मोकळीच होती, म्हणजे सिद्धान्त खराच ठरला! पण ‘मोकळे’ आणि ‘सामाईक’ हे दोन शब्द एक नाहीत. सामाईक कुरणाला गाव असते, सदस्य असतात, नियम असतात, दंड असतो. पठारांवरचे सामाईक हक्क तर तिथल्या मूळ समाजांना हुसकावून आधीच मोडून काढले होते. उरला होता तो कोणाचाच धाक नसलेला माळ.

१६/
मोठ्या पशुमालकांना एकत्र येता येत नव्हते, असेही नाही. वायोमिंगमधली त्यांची संघटना इतकी बलाढ्य होती की १८८४ मध्ये बेवारस वासरांचा कायदा तिने आपल्या सोयीने करून घेतला. १८९२ मध्ये जॉन्सन परगण्यातल्या छोट्या पशुपालकांवर बड्या मालकांनी भाडोत्री बंदूकधारी धाडले. संघटना होती, पैसा होता, कायदा खिशात होता. ही सारी ताकद नवख्यांना आणि लहानांना दूर ठेवण्यात खर्च झाली, स्वतःच्या कळपांना आवर घालण्यात नव्हे. हार्डिन यांचा गुराखी एकेक गाय वाढवणारा साधा माणूस आहे. खऱ्या इतिहासात कुरण बुडवणाऱ्यांपाशी भागभांडवल होते.

१७/
खासगी मालकी हा रामबाण उपाय असता, तर १९३० च्या दशकातली ‘डस्ट बोल’ ही आपत्ती घडलीच नसती. त्याच दक्षिण पठारांवरचे गवत नांगरून गव्हाची शेते केली गेली, बहुतांश खासगी मालकीची. दुष्काळ आला आणि माती उडाली. १४ एप्रिल १९३५ च्या ‘काळ्या रविवारी’ धुळीच्या भिंतीने भरदुपारी अंधार केला. ती माती कोणाच्या सामाईक कुरणातली नव्हती, सातबारा असावा तशा नावानिशी नोंदलेल्या शेतांतली होती. कर्ज आणि बाजारभाव मानेवर बसले की मालकही आपल्याच जमिनीचे हाड चाटतो.

१८/
हार्डिन यांचा दुसरा उपाय सरकारी दंडुका. २८ जून १९३४ रोजी ‘टेलर चराई कायदा’ झाला आणि सरकारी माळांवर परवाने आले. मर्यादा आवश्यक होती, यात शंका नाही. पण परवाने देताना आसपास स्वतःची जमीन असणाऱ्यांना अग्रक्रम मिळाला आणि सल्लागार मंडळांवर स्थानिक पशुमालकच बसले. जमिनीविना मेंढरे घेऊन फिरणारे मेंढपाळ बाहेर फेकले गेले. गुरांचा आकडा ठरवण्याआधी माणसांची यादी ठरली होती.

१९/
याच काळात नवाहो समाजावर जे गुदरले, ते या आकडेशास्त्राचे सर्वांत दुःखद प्रकरण. सक्तीच्या हद्दपारीनंतर १८६८ च्या तहाने नवाहो मायभूमीला परतले. तहानुसार मिळालेल्या सुमारे १५,००० शेळ्या-मेंढ्यांपासून त्यांनी पुन्हा संसार उभा केला आणि कळप लाखोंच्या घरात नेले. मेंढी म्हणजे त्यांचे अन्न, घोंगडीची लोकर, लेकीसुनांची पुंजी. १९३० च्या दशकात अधिकाऱ्यांना भीती वाटली की या कुरणांची धुपलेली माती कोलोरॅडो नदीवरच्या नव्या प्रचंड धरणात भरेल. म्हणून कळप घटवण्याचा हुकूम निघाला.

२०/
१९३३ मध्ये सर्वांना सरसकट दहा टक्के घट लावली गेली. श्रीमंतांनी म्हातारी, खोडकी जनावरे देऊन टाकली. गरिबाला धडधाकट मेंढी द्यावी लागली. मग शेळ्यांची पाळी आली. हजारो शेळ्या मालकिणींच्या डोळ्यांदेखत गोळ्या घालून मारल्या आणि तिथेच कुजत टाकल्या. पुढे ‘मेंढी-एकक’ आले : एक घोडा म्हणजे पाच मेंढ्या, एक गाय म्हणजे चार. हिशेब चोख होता. पण कळपांची मालकी मोठ्या प्रमाणावर स्त्रियांकडे असताना त्यांना कोणी विचारलेच नाही. भरपाई म्हणून सुचवलेली न्यू मेक्सिकोतली जमीनवाढही झाली नाही.

२१/
नवाहो कुरणांवर ताण नव्हता, असे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. दुष्काळ होता, धूप होती, कळप मोठे होते. पण हा हुकूम काढणारे आयुक्त जॉन कोलियर मनाने नवाहोंचे हितचिंतक होते, हे लक्षात घेतले म्हणजे धडा अधिक बोचतो. चांगला हेतू आणि शास्त्रीय आकडा हातात असूनही संमती नव्हती. १९३५ मध्ये कोलियर यांच्याच पुढाकाराने आलेला स्वशासनाचा कायदा नवाहोंनी मतदानाने, थोडक्या फरकाने, फेटाळला. कळप गेले, लोक दरिद्री झाले, आणि त्या वर्षांची कडवट आठवण अजून घराघरांत सांगितली जाते.

२२/
सिद्धान्तकारांनाही पुढे माघार घ्यावी लागली. १९८८ मध्ये एलिस आणि स्विफ्ट यांनी केनियातल्या तुर्काना पशुपालकांच्या अभ्यासातून दाखवले की बेभरवशाच्या पावसाच्या प्रदेशात एकच कायमचा आकडा निरुपयोगी असतो. तिथे कळप हलवता येणे हेच खरे व्यवस्थापन. १९९० मध्ये एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी टोर्बेलसह अनेक उदाहरणे मांडली. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. खुद्द हार्डिन यांनी १९९० च्या दशकात कबूल केले की आपली शोकांतिका ‘व्यवस्था नसलेल्या’ सामाईक मालमत्तेची होती. हे एकच विशेषण १९६८ मध्ये राहून गेले होते.

२३/
ही सगळी परक्या मुलखाची कथा वाटत असेल, तर १८८३ हे साल पुन्हा पाहावे. एडिनबरात स्वान कंपनी स्थापन झाली त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण करत होते. पूर्वी थोडक्या जमिनीचा शेतकरीही आसपासच्या रानावर एखाददुसरी गाय आणि दोनचार शेळ्या पोसून निभावून नेत असे. सरकारने जंगल खाते उभारून डोंगर, दऱ्या आणि गायराने त्यात घातली आणि त्याच्या शेळीला चरायला जागा उरली नाही, ही तक्रार त्या ग्रंथात आहे. १८७८ च्या वन कायद्याला तेव्हा पाचच वर्षे झाली होती.

२४/
दोन्हीकडे तर्क एकच होता : हा माळ कोणाचाच नाही. पठारांवर तो कंपन्यांना मोकळा झाला, दख्खनमध्ये सरकारच्या कुंपणात गेला. दोन्हीकडे गवताशी रोजचा संबंध असलेल्या माणसाचा आवाज आधी खोडला गेला आणि मग कुरणाच्या दुर्दशेचे खापर त्याच्याच माथी फुटले. आजही गायरानावर कोणाचा डोळा गेला की पहिला युक्तिवाद तोच येतो : सर्वांचे आहे म्हणजे ओसाडच पडणार, मग उपयोगात आणलेले काय वाईट?

२५/
या युक्तिवादाला उत्तर देण्यासाठी चारच प्रश्न पुरे आहेत. गुरांचा आकडा कोणी ठरवला? तो चांगल्या वर्षाच्या मापाने ठरला की वाईट वर्षाच्या? तो मोडल्यास दंड कोणाला आणि किती? आणि दुष्काळ पडला तर पहिले जनावर कोणाच्या दावणीचे सुटणार, बड्याच्या की विधवेच्या? टोर्बेलच्या गावकऱ्यांकडे पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका ओळीत होती. एडिनबराच्या संचालकांकडे केवळ वह्या होत्या, आणि नवाहोंना तर प्रश्न विचारण्याचीही मुभा नव्हती.

२६/
तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘भागीचे घोडे’ ऐकवून कुरणांचा इतिहास निकालात काढू लागला, तर त्याला १८८७ च्या वसंतातल्या त्या नद्या दाखवाव्यात. त्यांतून वाहत गेलेली जनावरे गावकीच्या भागीतली नव्हती. ती खासगी मालकीची होती, समभागधारकांची होती, आणि कित्येक वर्षे त्यांना कोणी मोजलेही नव्हते. भागीचे घोडे किवणाने मेले असेल. गवताचा घास मात्र कागदी घोड्यांनी घेतला.

(धागा समाप्त)